रॉयस लुईस पुन्हा आयएलवर गेलाय. त्याला टीममधून काढू की ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसच्या बारा टीमच्या फॅन्टसी बेसबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आपल्या टीमला पॉइंट मिळतात तो खेळ) पहिल्यांदाच खेळताय, ऑटोड्राफ्टने, म्हणजे खेळाडू आपोआप निवडून देणाऱ्या सोयीने, मिनेसोटा ट्विन्सचा थर्ड बेसमन रॉयस लुईस तुमच्या पदरात टाकला, आणि 2025चा हंगाम सुरू होतानाच तो आयएलवर, म्हणजे जायबंदी खेळाडूंच्या यादीत गेला. आता काय करायचं?

काढू नका. पण त्याच्या भरवशावरही राहू नका. मी मिनेसोटातच, सेंट पॉलला राहतो आणि तीन वर्षं या पोराच्या पायांची काळजी करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

16 मार्चला फ्लोरिडातल्या सराव सामन्यात साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा फटका, मारून पहिल्या बेसकडे पळताना त्याच्या डाव्या मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, खेचला गेला. टीमने दुखापत मध्यम स्वरूपाची असल्याचं सांगितलं. अशा दुखापतीला साधारण सहा आठवडे धरायचे, म्हणजे एप्रिल गेलाच. त्यानंतर काही दिवस तो इथे सेंट पॉल सेंट्सकडून, एक पायरी खालच्या लीगमध्ये खेळून अंग मोकळं करेल. मेच्या पहिल्या आठवड्याआधी त्याची वाट बघू नका. आणि एक लक्षात ठेवा, सप्टेंबर 2023मध्ये हीच डावी हॅमस्ट्रिंग दुखावली होती.

मग ठेवायचा कशाला? त्याचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय. 3 ऑक्टोबर 2023, ट्विन्सचं मैदान टार्गेट फील्ड, मी वरच्या मजल्यावर. ट्विन्स 2004पासून प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचे, ओळीने 18 सामने हरलेले. हॅमस्ट्रिंग दुखावून दोनच आठवडे झालेला लुईस फक्त बॅटिंगपुरता उतरला आणि टोरांटोविरुद्ध पहिल्या दोन्ही खेपांना होमरन. (होमरन म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर; तो मारला की धावावं लागत नाही, रमतगमत चक्कर मारली तरी चालतं. त्या दिवशी ते सोयीचंच होतं.) सामना 3-1 जिंकला. माझ्या शेजारचे पांढऱ्या मिशांचे आजोबा खाली बसून अक्षरशः रडत होते.

त्या वर्षी तो 58 सामने खेळला: बॅटिंगची सरासरी .309 (हजार खेपांत 309 हिट, असा हिशेब), होमरन 15, त्यांत 4 ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर गडी असताना मारलेले. त्रैराशिक मांडलं तर पूर्ण हंगामाच्या 162 सामन्यांत एकेचाळीस-बेचाळीस होमरन होतात. सगळे फसतात ते या त्रैराशिकाला. मीही फसलोय.

आता दुसरी बेरीज करा. 2017च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो देशात पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. 2020मध्ये कोविडमुळे खालच्या लीगचा हंगामच झाला नाही. 2021 उजव्या गुडघ्याच्या एसीएलमध्ये, म्हणजे आतला अस्थिबंध फाटण्यात, गेलं. मे 2022मध्ये वरच्या लीगमध्ये आला, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, छान खेळला, बाराव्या सामन्यात त्याला सेंटर फील्डला, म्हणजे मागच्या मोकळ्या मैदानाच्या मध्यावर, उभं केलं, आणि तिथे झेल घेताना भिंतीवर आदळून तोच गुडघा परत गेला. 2022मध्ये 12 सामने, 2023मध्ये 58, 2024मध्ये 82. तीन वर्षं मिळून 152 सामने आणि 33 होमरन. म्हणजे धड एक हंगामही नाही! हे 33 होमरन एकाच वर्षात मारले असते तर तो पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गेला असता आणि तुमच्यापर्यंत पोचलाच नसता.

2024चा पहिला दिवस आठवतो. कॅन्सस सिटीत सामना होता, मी ऑफिसात डब्याला फोन टेकवून बघत होतो. पहिल्याच खेपेला होमरन. डबा उघडेपर्यंत दुसरी खेप, एक हिट, आणि पुढच्याच्या फटक्यावर बेस पळताना गडी मांडी धरून थांबला. थेट जूनमध्ये परतला. परतल्यावर पेटला, जुलैत जांघेचा स्नायू दुखावला, आणि ऑगस्टच्या मध्यानंतर पार विझला. वर्षाची सरासरी .233.

फॅन्टसीच्या हिशेबात एक गोष्ट लोक उलटी धरतात. ड्रीम इलेव्हनमध्ये खेळाडू उतरला नाही की त्या सामन्याचे पॉइंट गेले. इथे लीग सहा महिने चालते आणि आयएलची वेगळी जागा असते. लुईस तिथे बसला की तुमचं काहीच अडत नाही, त्याच्या जागी दुसरा घेता येतो. खरं नुकसान करतो तो ना धड जखमी ना धड बरा असलेला लुईस. मांडी आवळलीय, आज खेळेल, उद्या खेळेल असं म्हणत टीम चार दिवस त्याला बसवते, आयएलवरही टाकत नाही, आणि तुमची थर्ड बेसची जागा रिकामी राहते. म्हणून रोज खेळणारा, कंटाळवाणा असा एक थर्ड बेसमन कायम जवळ ठेवा. 2025च्या सुरुवातीला ट्विन्सकडेच असलेला विली कॅस्ट्रो वेव्हरवर, म्हणजे लीगमध्ये कुणीच न घेतलेल्या खेळाडूंत, असेल तर बघा. तो जवळपास कुठेही उभा राहतो, त्यामुळे फॅन्टसीतही त्याला तीन-चार जागी लावता येतं.

आयएलची जागा आधीच दुसऱ्या कुणी अडवली असेल तर मात्र माझं उत्तर बदलेल. महिनाभर बेंच अडवण्याइतका तो मोठा नाही.

परत येईल तेव्हा पहिल्या दिवशीच लाइनअपमध्ये टाकू नका. सेंट्सकडून खेळताना किती होमरन मारले ते बघू नका, तिथली बॉलिंग त्याला सोपी जाते. सलग दोन-तीन दिवस पूर्ण नऊ इनिंग थर्ड बेसला उभा राहतोय का, आणि हिटवर पहिल्या बेसवरून तिसऱ्यापर्यंत मोकळा पळतोय का, ते बघा.

चोरीच्या बेसवर (चेंडू टाकला जात असताना पळून पुढचा बेस गाठणं, त्याचेही पॉइंट असतात) पाणी सोडा. 2023मध्ये 6 होते, 2024मध्ये एकही नाही. पायांचं हे रडगाणं असताना टीम त्याला पळू देईल असं मला वाटत नाही. माझा अंदाज, शंभरएक सामने आणि विसाच्या आसपास होमरन. सरासरीचं काही खरं नाही. आणि कधीतरी एका आठवड्यात चार होमरन मारेल, तेव्हा लीगमधले लोक ट्रेड मागायला येतील. त्या आठवड्यात विकून टाका, आत्ता नको. आत्ता कुणी कवडीही देणार नाही.

माझ्याकडे तो यंदा नाही. दुखापतीची बातमी आल्यावर मी हुशारी करून बाराव्या फेरीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. समोरच्या टेबलावरच्या टेस्टिंगवाल्याने दहाव्या फेरीतच उचलला.