काडेपेटीची चूक आणि रखडलेली कादंबरी

ताई, मी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिते. तीन प्रसिद्ध झाल्या. तिसरीत १८१५ च्या इंग्लंडमधला माझा नायक काडी ओढून मेणबत्ती लावतो. तेव्हा आगकाड्या नव्हत्याच, असं एका वाचकाने कळवलं. तेव्हापासून दोन वर्षं मी नुसती टिपणं काढतेय. चौथीचं अग्रिम मानधन घेतलंय, पानं झालीत अकरा. हे सोडूनच द्यावं का?
– धास्तावलेली

वाचकाचं बरोबर आहे. घासून पेटणारी काडी जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्रेत्याने विकायला काढली १८२७ मध्ये. तुमच्या नायकाने बारा वर्षं घाई केली. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. पण तो वाचक तिसऱ्या कादंबरीत त्या मेणबत्तीपर्यंत पोचला होता, याचं तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?

आता तोच प्रसंग पुन्हा लिहा. त्याच्या हातात चकमक आणि पोलादाचा तुकडा. ठिणग्या डबीतल्या जळक्या चिंध्यांवर पडतात, विझतात. बोटं गारठलेली. ती शेजारी उभी. दिसत नाही, श्वास तेवढा ऐकू येतो. अखेर चिंधी धुमसते, तो फुंकर घालतो, गंधक लावलेली काटकी टेकवतो. आधी निळी ज्योत, मग तिचा चेहरा. काडी ओढल्यावर हे एका ओळीत संपलं होतं! अभ्यास लागतो तो एवढ्यासाठी, आणि त्याला एक दुपार पुरते. दोन वर्षं लागतात ती लपायला. (मला हा आजार चांगला ठाऊक आहे. माझ्याही कपाटात टिपणांचे गठ्ठे आहेत.)

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयरनेही त्या काळच्या पोशाखांच्या, बोलीच्या टिपणांनी वह्या भरल्या. पण पहिली कादंबरी आली १९२१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि पुढे कित्येक वर्षं जवळजवळ दरवर्षी एक. तुम्हीही अडाल तिथे समासात फुली मारा, 'गाडी कोणती?' एवढं लिहा आणि पुढे चला.

पैशांचं मात्र टाळू नका. अग्रिम मानधन पुढे रॉयल्टीतून वळतं होतं, पण हस्तलिखितच दिलं नाही तर प्रकाशक ते परत मागू शकतो. करार काढून तारीख बघा. संपादकांना याच आठवड्यात फोन करा आणि अकरा पानं झालीत, असंच सांगा. मुदत वाढवून मागणारे लेखक त्यांना नवे नाहीत.

आणि हो, त्या अकरा पानांत ते दोघं भेटलेत का? पत्रात सगळं आहे, तेवढं नाही.