सिंहगडाचा खडक दक्षिण गोलार्धातला?

प्रश्न : सिंहगड चढताना काळ्या कातळाच्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसला. हे थर कसे तयार झाले? आणि हा खडक मुळात विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा, हे खरे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : खरे आहे, मात्र खडक एकटा आला नाही, त्याच्याखालची सगळी भूमीच सरकत आली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला, की आधीच्या थराचा पृष्ठभाग झिजून त्याची लालसर माती होई आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून निघे. आपण पाहिलेला पट्टा बहुधा तोच. कातळातल्या पांढऱ्या स्फटिकांच्या गाठी म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर साचलेली खनिजे होत.

प्रवासाचा पुरावा चुंबकीय आहे. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजांचे कण तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात आणि त्या दिशेच्या कलावरून अक्षांश काढता येतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या याच काळ्या कातळात, तो सुमारे ३० अंश दक्षिण येतो, तर पुणे आज साडेअठरा अंश उत्तरेस आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास!

जाता जाता : कोकणात पनवेलच्या आसपास हेच थर समुद्राकडे कललेले दिसतात. सेशेल्सचा (आज हिंदी महासागरातली बेटे) तुकडा भारतापासून अलग होताना पश्चिम किनाऱ्याचे कवच ताणले गेले, त्याच्याशी या कलाचा संबंध जोडला जातो.