मैफलीतली तुमची सगळ्यात आवडती आठवण कोणती, आणि आवडता कलाकार कोण?

तुम्ही लिहिलंय की आजवर बँडच्या मोठ्या कॉन्सर्ट्सच पाहिल्यात, आता पहिल्यांदाच शास्त्रीय गाण्याच्या मैफलीला जाणार आहात, म्हणून लोकांच्या आठवणी विचारताय. आणि सोबत हेही विचारलंय की हे कलाकार स्टेजवर येऊन इतका वेळ वाद्यं का लावत बसतात, तो वेळ वाया नाही का जात. मला दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच द्यायचंय, कारण माझी सगळ्यात आवडती आठवण त्या वाद्यं लावण्याचीच आहे.

आवडता कलाकार विचाराल तर किशोरीताई आमोणकर. रात्रीची मैफल होती, ताई येऊन बसल्या, स्वरमंडल (गाताना छेडायचं छोटं तारवाद्य) मांडीवर, मागे दोन शिष्या तंबोरे घेऊन. तंबोरे आतून जुळवूनच आणले होते पण स्टेजवर लाइट असतात, हवा वेगळी असते, तारा लगेच उतरतात किंवा चढतात, त्यामुळे पुन्हा सुरुवात. ताई मान थोडी कलती करून ऐकत होत्या, एका शिष्येला खूण करायच्या, ती खालचा मणी अगदी केसभर सरकवायची, परत चारही तारा छेडायची, परत खूण. आपल्याला आधीच जुळलेलं वाटतंय आणि ताईंना नाही वाटत, असं बराच वेळ चाललं. हॉलमध्ये आधी चुळबुळ होती, कोणी खोकतंय, कोणी उशिरा येऊन रांगेतून वाट काढतंय, आणि मग कधीतरी ती सगळी आपोआप थांबली, कारण सगळेच तेच ऐकायला लागले होते जे त्या ऐकत होत्या. माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, ते हळूच म्हणाले, पहिली तार मध्यमावर, म्हणजे म वर घेतलीये, राग बागेश्री नाहीतर मालकंस. आणि ताईंनी षड्ज, म्हणजे सा लावला, मग बागेश्री सुरू झाला! मला तेव्हा कळलं की गाणं सुरू व्हायच्या आधीच त्या माणसाला अर्धं गाणं ऐकू आलं होतं.

हे कसं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही जमेल. तंबोऱ्याला साधारण चार तारा असतात. मधल्या दोन जोडीच्या, त्या षड्जाच्या, शेवटची जाड ती खर्जाची, म्हणजे खालचा षड्ज. या तीन बदलत नाहीत. बदलते ती पहिली. बहुतेक वेळा ती पंचमावर, म्हणजे प वर असते, पण मालकंससारख्या रागात पंचमच नाही म्हणून ती मध्यमावर घेतात, बागेश्रीत पंचम अगदी थोडा आणि मध्यमाला मान मोठा म्हणून तिथेही मध्यम. मारव्यासारख्या रागात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, तिथे निषाद, म्हणजे नी लावतात. म्हणजे पहिली तार नीट ऐकली तर आज काय येऊ शकतं आणि काय येणारच नाही याचा अंदाज लागतो, अजून तोंडातून शब्दही निघालेला नसतो.

आणि जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या नादातली ती झणकार. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, सपाट रुंद असते, तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो, तार हलताना त्या उताराला सारखी चाटून जाते आणि म्हणून तो झणझणीत भरलेला नाद येतो. तारेखाली सुती दोरा घालतात, तो थोडा पुढेमागे केला की नाद उघडतो किंवा मिटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या या घोडीवर संशोधन छापलं होतं, नोबेलच्या नऊ वर्षं आधी. नेहमीच्या तारेत ज्या जागी छेडतो त्या जागेमुळे काही उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे बारीक स्वर, उमटतच नाहीत, पण इथे तेही ऐकू येतात असं त्यांना दिसलं, आणि त्याचं कारण ही घोडीच. खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार, म्हणजे ग ऐकू येतो, कोणीही तो छेडलेला नसतो, तारेच्या पाचव्या उपस्वरातून तो आपोआप उमटतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. किशोरीताई ज्याची वाट बघत होत्या ते बहुधा हेच असावं असं मला वाटतं, कारण ज्या क्षणी त्यांनी मान डोलावली त्या क्षणी मलाही तो ऐकू आला, इतका स्पष्ट की मी आधी समजलो कोणीतरी गुणगुणतंय.

आता तुमच्या कॉन्सर्ट्समध्ये हे का दिसत नाही, तर गिटार स्टेजमागे एक माणूस ट्यूनर लावून जुळवून ठेवतो आणि दर गाण्याला हातात आयती देतो. ऑर्केस्ट्रात मात्र दिसतं, ओबो एक स्वर धरतो, बहुतेक ठिकाणी ४४० हर्ट्झचा किंवा त्याच्या आसपासचा, आणि सगळे त्याला मिळवून घेतात. आपल्याकडे असा ठरलेला आकडाच नाही. गाणाऱ्याचा गळा जिथे खुलतो तो षड्ज, पेटीच्या पट्ट्यांवरून सांगायचं तर कोणाचा काळी एक, कोणाचा काळी चार, आणि मग तंबोरा, पेटी, तबला सगळे त्या एका गळ्याकडे येतात. तबलजी हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर ठोकत गोल फिरतो ना, तो त्या कडेच्या सोळाही घरांवर चाट, म्हणजे काठाचा भाग, एकाच स्वरात वाजेल असं बघत असतो. एक घर जरी ढिलं राहिलं तरी विलंबितात, म्हणजे संथ लयीत ते उघडं पडतं.

यावरून एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बीटल्स बँडचे जॉर्ज हॅरिसन आणि सतारवादक रविशंकर यांनी केलेली कॉन्सर्ट. सुरुवात सतार-सरोदने, रविशंकर आणि अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्यांनी वाद्यं लावून घेतली आणि लोकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या! रविशंकर हसून म्हणाले की तुम्हाला वाद्यं जुळवणंच इतकं आवडलं तर वादन त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा सगळेजण तिथल्या श्रोत्यांना हसायला म्हणून सांगतात, त्यांना काही कळत नव्हतं वगैरे. मला ते पटत नाही. सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, जुळत जातात आणि शेवटी एका झटक्यात सगळ्या मिळून बोलतात तो आवाज सुंदरच असतो, त्यांना तो सुंदर वाटला आणि त्यांनी दाद दिली, त्यात चूक काय. ऐकायला आलेला माणूस असाच हवा.

रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं कापलेलं असतं ही माझी खरी खंत आहे. जुन्या तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुरावर जीव टाकणारा गायकसुद्धा थेट गाण्यातच ऐकू येतो, तिथे तंबोरे लावताना कोण थांबणार. पण नंतर लाँग प्ले आल्या, कॅसेट, सीडी, आता मोबाइलवर तासच्या तास जागा आहे, तरी जुळवण्याचा भाग सगळे काढूनच टाकतात. म्हणून तो फक्त समोर बसूनच मिळतो.

बाकी आवडते कलाकार खूप आहेत. भीमसेनजी जोशी तर आहेतच, जुळलेल्या तंबोऱ्यांवर त्यांचा पहिला षड्ज पडायचा तो हॉल भरून टाकायचा, किराणा घराण्याचं सुरावरचं प्रेम काय ते एवढ्यात कळायचं, पुढची बंदिश नंतर. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, तर तंबोरे लावण्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते, त्यांच्या मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागचे तंबोरे वेगळे ऐकून बघा, हेडफोन लावून, गळ्याच्या मागे जणू अजून एक गळा आहे असं वाटतं. आणि मल्लिकार्जुन मन्सूर, ते फार पसारा न मांडता सरळ बंदिशीलाच हात घालायचे, पण जो राग घेतील तो पहिल्या आवर्तनात पूर्ण उभा. त्यांना मला समोर ऐकता आलं नाही, रेकॉर्डिंगवरच प्रेम केलंय.

तर तुम्ही जाल तेव्हा वेळेच्या थोडं आधी जा आणि शक्य झालं तर पुढे बसा, स्पीकरच्या अगदी समोर नको, तंबोऱ्यांच्या बाजूला. मोबाइल बंद. कार्यक्रम सुरू कधी होणार असा विचार न करता पहिल्या तारेकडे लक्ष द्या, ती पंचम आहे की अजून काही हे सुरुवातीला नाही कळलं तरी हरकत नाही, दुसऱ्या तारेच्या मानाने ती किती खाली बोलते एवढंच ऐका. खर्जाची तार छेडून झाल्यावर तिचा आवाज विरेपर्यंत कान तिथेच ठेवा, गंधार सापडेल. एखाद्या घरी बिनमाइकची बैठक असेल तर ती अजिबात सोडू नका, तिथे हे सगळं हाताच्या अंतरावर घडतं. आणि मध्यंतरात चहाला गेलात तर बेल व्हायच्या आधी परत या, कारण दुसरा राग वेगळा असेल तर पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवतात, आणि तो स्वर खाली येताना सगळा तंबोरा रंग बदलतो ते मी दर वेळी कान देऊन ऐकतो.