मत्स्य सल्ला: खोळ्याचा आस जाळीवाल्या दुकानदाराने ठरवायचा नसतो

नमस्कार मंडळी. या वेळी आलेले प्रश्न बघितले तर अर्ध्याहून जास्त एकाच गोष्टीवर फिरतायत, मासळी कमी झालीय आता काय करू, आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी दिलेला सल्ला, दुकानदार असं म्हणाला, एजंट तसं म्हणाला, लावू का, घेऊ का. म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. नोंदणी, परवाना, खलाशांचे कागद हे तुम्हाला माहितीच आहे, त्यात वेळ घालवत नाही.

पहिला प्रश्न श्रीवर्धनकडच्या एका नाखवांचा. त्यांचा ट्रॉलर आहे, म्हणजे मागे पिशवीसारखं जाळं ओढत नेणारी बोट; त्या जाळ्याच्या शेवटी जिथे मासळी साठते ती पिशवी म्हणजे खोळा, आणि जाळ्याचं भोक म्हणजे आस. विचारतात, "जाळ्याच्या दुकानात सांगितलं की खोळ्याला अजून बारीक आस घ्या आणि आतून दुसरं जाळं लावा, काहीच सुटणार नाही. मासळी वाढेल का?"

नाही वाढणार. कुटी वाढेल, म्हणजे कवडीमोलाने जाणारी बारीक, फुटकी मासळी. हे मी जेट्टीवर इतक्या वेळा बघितलंय की आता सांगायला लाज वाटत नाही, बारीक आसवाली बोट लागते, खण भरलेला असतो, सगळे खूश, आणि मग वाटे पडायला लागले की कळतं निम्म्याहून जास्त माल हा बोटभर लांबीची पिलं, दाबून फुटलेली, ती जातात कुटीला, किलोमागे मिळतं काय ते तुम्हालाच माहिती. तेवढा बर्फ त्याच्यावर घातला, तेवढं डिझेल ते ओढण्यात गेलं, खलाशांनी तेवढा वेळ निवडण्यात घालवला. दुकानदाराने मात्र जाळी एकाच्या जागी दोन विकली. त्याचा हिशोब जाळ्याच्या किलोवर आहे, तुमच्या मासळीवर नाही, एवढं डोक्यात ठेवा.

आता माझा सल्ला, आणि हा मी प्रत्येक मेळाव्यात देतो. खोळ्याला चौकोनी आसाचं जाळं लावा, 40 मिमी. कोचीच्या सिफ्टने म्हणजे केंद्राच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने हीच शिफारस केलीय. नेहमीचा आस शंकरपाळीसारखा असतो, जाळं ओढायला लागलं आणि मागे वजन आलं की तो लांबट ताणला जाऊन मिटतो. म्हणजे कागदावर तुमचा आस 40 असला तरी पाण्यात खोळा बंद पिशवी झालेली असते, पिल्लू बाहेर पडणार कुठून. चौकोनी आस ओढताना उघडाच राहतो कारण ताण उभ्या धाग्यावर येतो, आडवा धागा तसाच राहतो. पिल्लं निघून जातात, पाणी निघून जातं, खोळ्यात चिखल कमी साठतो, इंजिनावर ओढ कमी पडते. मोठा माल तुमचा तुमच्याकडेच राहतो.

करताना दोन चुका होतात त्या सांगतो. एक म्हणजे घरचंच गाठीचं जाळं तिरकं फिरवून चौकोनी करून लावायचं. काही दिवस चालतं, मग गाठी सरकतात आणि आस वेडावाकडा होतो. बिनगाठीचं जाळं घ्या, थोडं महाग पडेल पण टिकेल. दुसरी चूक मोजण्यात. 40 मिमी म्हणजे आस ताणून समोरासमोरच्या गाठीतलं अंतर, म्हणजे एक बाजू 20 मिमी. दुकानात बऱ्याचदा कोरडं जाळं ढिलं धरून पट्टी लावतात आणि "चाळीसच आहे" म्हणून गळ्यात मारतात. जाळं भिजवा, ताणा, स्वतः मोजा, पाच-सहा ठिकाणी मोजा, मग पैसे द्या. आणि खोळ्याच्या आत किंवा वरून दुसरं बारीक जाळं लावायचं नाही. चौकोनी आस लावून त्याच्यावर बारीक आच्छादन घातलेलं मी पकडलंय, मग लावायचा तरी कशाला तो. पुन्हा सांगतो, आतलं जाळं नाही, वरचं जाळं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

याच्याच जोडीला दुसरा सल्ला दिला जातोय, इंजिन मोठं टाका, जास्त हॉर्सपॉवर, जास्त वेगात ओढा. मासळी घटलीय ती तुमचं इंजिन लहान आहे म्हणून नाही. त्याच पट्ट्यात तीच मासळी जास्त जोराने ओढायला सगळे लागले की पुढच्या हंगामात सगळ्यांचंच कमी होतं आणि इंजिनाचा हप्ता तुमच्या एकट्याच्या अंगावर राहतो. बोट बघूनच इंजिन ठरवा, विकणाऱ्याचं ऐकून नाही.

दुसरा प्रश्न पालघरकडच्या डोलवाल्यांचा, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी पिशवीसारखं जाळं बांधून ठेवणाऱ्यांचा, "40 मिमी लावला तर जवळा कसा राहील?" बरोबर आहे, नाही राहणार. तो सल्ला ट्रॉलच्या खोळ्यासाठी आहे, जवळ्याच्या डोलीला नाही. पण तुम्हालाही सुटका नाही. किनाऱ्याजवळच्या डोलीत पापलेटची पिलं येतात हे तुमच्याइतकं कुणाला माहिती नाही. सरकारने 2023 मध्ये 54 जातींची किमान आकाराची यादी काढली, त्यात चंदेरी पापलेट 135 मिमी आहे, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर, हाताच्या पंजापेक्षाही आखूड. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं, आणि सातपाटी बंदराचं नाव ज्या पापलेटवर झालं तो आता जेट्टीवर किती दिसतो ते तुम्ही मला सांगा. लहान पापलेट विकून काय मिळतं, आणि तोच वाढला की वजन तर वाढतंच पण किलोचा भावसुद्धा वेगळाच लागतो, म्हणजे दोन्हीकडून तुमचाच फायदा. तेव्हा डोलीत पिलं यायला लागली की तिथे जाळं ठेवायचं नाही, उचला, जागा बदला, शेजारच्या बोटीलाही कळवा. एकट्याने थांबून उपयोग नाही, सोसायटीत ठरवा. आणि व्यापारी म्हणेल "लहान असलं तरी आणा, मी घेतो", त्याला सांगा यादीतल्या आकाराच्या खालची मासळी घेणारासुद्धा कायद्यात येतो. एक प्लास्टिकची पट्टी केबिनमध्ये लटकवून ठेवा, पूर्ण यादी परवाना अधिकाऱ्याकडे मिळते.

तिसरा प्रश्न, आणि याच्यावर मला राग येतो तो माणसावर नाही, विकणाऱ्यावर. रत्नागिरी जिल्ह्यातून आलाय, नाव विचारू नका. "लाइटचा पूर्ण सेट हप्त्यावर मिळतोय, जनरेटरसकट, एका रात्रीत पैसे वसूल होतात म्हणतात, आणि रात्री कोण बघतंय."

घेऊ नका. घेऊ नका. घेतला असेल तर लावू नका. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासळी ओढून केलेली मासेमारी केंद्राने 2017 च्या नोव्हेंबरमध्येच बंद केलीय, ती किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या आपल्या क्षेत्रात, म्हणजे "12 मैलांच्या बाहेर चालतं" हे जे एजंट सांगतो ते साफ खोटं आहे. 12 मैलांच्या आत राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, त्यात 2021 ला दुरुस्ती झाली आणि दंड आता हजारात नाही, लाखात आहे, दुसऱ्यांदा सापडलात तर अजून वाढतो. एका रात्रीत वसूल होणारे पैसे एका रात्रीत जातात, वर परवान्यावर गदा येते. कोण बघतंय याचंही उत्तर देतो, 2025 च्या जानेवारीपासून ड्रोन उडतायत, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, श्रीवर्धन, रेवदंडा, उत्तन अशा ठिकाणांहून. पण ड्रोन नसता तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. उजेडाला येणारी मासळी लहान-मोठं बघून येत नाही, सगळाच्या सगळा थवा येतो, पिलांसकट, आणि एका बोटीने तो उचलला की उभ्या जाळ्यात मासळी अडकवणारा गिलनेटवाला, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणवाला दहा-दहा दिवस रिकामा बसतो. तो तुमच्याच गावचा असतो.

पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्यांनी, विचारलंय की डिसेंबरनंतर मुदत वाढणार असं बाजारात बोलतात. बाजारात बोलतात त्यावर बोट सोडायची नाही. परवाना असलेल्यांना राज्याच्या हद्दीत 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर, संपलं. काही बदललं तर आदेश निघेल आणि तो तुम्हाला आमच्या कार्यालयाकडून कळेल, एजंटकडून नाही.

आता पावसाळी बंदीचं. दरवर्षी तेच विचारतात, जुलैच्या शेवटी दर्या शांत वाटतो, व्यापारी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायला तयार आहे, चार दिवस आधी निघालो तर? यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंद, 61 दिवस. 31 मेच्या रात्री बारापर्यंत बोट बंदरात हवी, म्हणजे मेच्या शेवटी लांबच्या फेरीला जाणाऱ्यांनी परतीचा हिशोब आधीच करायचा, "वाटेत होतो साहेब" हे मी ऐकून घेणार नाही. या दोन महिन्यांत बऱ्याच मासळीची अंडी घालायची वेळ असते, गाबोळीने भरलेला मासा काढलात तर पुढच्या हंगामाची मासळी आत्ताच काढलीत. आणि बंदीत बोटीला काही झालं तर सरकारी मदत मिळत नाही, हे खलाशाच्या घरच्यांना कोण सांगणार? व्यापारी तर नक्की जात नाही सांगायला. त्याला पहिला माल हवा असतो कारण तेव्हा भाव चढा असतो, तुम्हाला मात्र उचल घेतल्यामुळे भाव तो म्हणेल तो. म्हणून उचलीवर वेळ ठरवू नका.

अजून एक, 1 ऑगस्टला सुटायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. बंदी उठली म्हणजे दर्या शांत झाला असं नाही. हवामान खात्याचा इशारा बघा, हवा खराब असेल तर नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा, आपले म्हातारे थांबायचे ते उगाच नव्हे. बाहेर गेल्यावर अंदाजाने डिझेल जाळत फिरू नका, समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राच्या हैदराबादमधल्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे त्याची माहिती रोज येते, समुद्राचं तापमान आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींची हिरवळ उपग्रहावरून बघून काढलेली असते. ढग असले की मिळत नाही, बाकी वेळी फुकट आहे, वापरा.

योजनांचं थोडक्यात, कारण हे कार्यालयात येऊन विचारलेलं बरं. मासेमारीला राज्याने एप्रिल 2025 मध्ये कृषीचा दर्जा दिलाय, किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं, मत्स्यसंपदा योजनेत अनुदान सर्वसाधारणला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख. अर्ज स्वतः भरा, दलालाला पैसे देऊ नका.

शेवटचा प्रश्न मालवणकडचा, जाळ्यात कासव अडकलं, जाळं कापून सोडलं तर नुकसान कोण देणार. संरक्षित प्राणी असेल, कासव, डॉल्फिन, देवमासा, तर राज्य सरकार जास्तीत जास्त 25,000 रुपये देतं, मत्स्य विभाग आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाची योजना आहे. पण पुरावा लागतो. कापायच्या आधी फोटो, कापताना व्हिडिओ, सोडल्यावर फाटलेल्या जाळ्याचा फोटो, बोटीचा नंबर दिसला पाहिजे. एकाने मोबाइल धरायचा, दुसऱ्याने सुरी. कासव उलटं करून डेकवर ठेवू नका, दमलेलं असेल तर पोटावर ठेवून अंगावर ओलं कापड टाका, हालचाल करायला लागलं की इंजिन न्यूट्रलला घेऊन हळू पाण्यात सोडा आणि बंदरात आलात की त्याच दिवशी अर्ज द्या.