आभार कशाबद्दल?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या प्राध्यापकांसाठी तयार केलेला आभाराचा मसुदा पाठवून तू विचारलेस, ‘काका, हे फार कोरडे वाटते का?’ कोरडे मुळीच नाही. उलट इतके ओले आहे की त्यातला मजकूर वाहून गेला आहे. ‘मनःपूर्वक’ तीनदा आले, ‘अमूल्य संधी’ दोनदा आली, पण त्यांनी तुला काय देऊ केले आहे, हे अकरा ओळींत कुठेही नाही. आभार कशाबद्दल?

किरकोळ दुरुस्त्या आधी उरकतो. पोर्तुगीजमधले आभाराचे ‘ओब्रिगादु’ पुरुषाने म्हणायचे; तू ‘ओब्रिगादा’ लिही, समोर कोणीही असो, कारण तो शब्द बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. त्याचा मूळ अर्थ ‘बांधला गेलेला’, म्हणजे आपल्या ‘ऋणी’च्या जवळचा. ‘तुम्ही’साठी घातलेले ‘व्होसे’ ब्राझीलमध्ये सहज चालते, पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्यांना खटकू शकते; ते काढ. आणि होकार अजून ठरत नाही म्हणून आठ दिवस आभारही अडवून ठेवलेस, हे मला पटलेले नाही. निर्णयाला वेळ माग, आभाराला मागू नकोस.

आता मुख्य गोष्ट. ‘आग्रादेसेर’, म्हणजे आभार मानणे, हे क्रियापद वापर. मराठीत आपण माणसाचे आभार मानतो आणि मिळालेली गोष्ट ‘बद्दल’ लावून कडेला बसवतो. ती गाळली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पोर्तुगीजमध्ये मिळालेली गोष्ट हेच या क्रियापदाचे कर्म असते. ‘आग्रादेसु-ल्य’, म्हणजे ‘आपले आभार मानते’, असे लिहून थांबलीस, तर व्याकरणच विचारू लागते, कशाबद्दल? तेव्हा लिही: चार वर्षांची शिष्यवृत्ती, प्रयोगशाळेतील जागा, व्हिसासाठी त्यांनी स्वतः तयार केलेले पत्र. तीन गोष्टी, तीन वाक्ये. त्यांच्यापुढे ‘सिंसेरामेंत’, म्हणजे ‘मनापासून’, एकदा आले तरी पुष्कळ झाले.

मी हट्टी आहे, हे तू घरी सांगतेस, ते माझ्या कानावर आले आहे. १९८३ साली मी फोंड्यात जमिनीच्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांची भाषांतरे करत असे. लिस्बनच्या एका अभ्यासकांनी मला वर्षभर तिथली दप्तरे वाचायला बोलावले, राहण्यासाठी आपल्या बहिणीच्या घरातली मागची खोली ठरवली आणि तिची खिडकी पूर्वेला आहे, टेबल तिथेच ठेवले आहे, हेसुद्धा आवर्जून कळवले. मी उत्तर लिहिले ते ‘आपल्या उदार सहकार्याबद्दल’. पुढे वडील अंथरुणाला खिळले आणि माझा नकारही त्याच छापाच्या भाषेत गेला. घरची अडचण खरी होती; शिवाय त्या काळी नमुनापत्रांचे पुस्तक समोर ठेवूनच लिहिण्याची रीत होती, त्यामुळे सगळा दोष माझ्याच माथी मारून घ्यायला मी तयार नाही. पण त्या खिडकीविषयी एक ओळ लिहायला पुस्तक लागत नव्हते. त्यांचे पुन्हा पत्र आले नाही.

म्हणून पुन्हा विचारतो, कशाबद्दल? १५३७ पासून कोइंब्रात ठाण मांडून बसलेले विद्यापीठ तुझ्या एखाद्या चुकलेल्या प्रत्ययाने खचणार नाही. प्रत्यय मी तपासून देईन. नवा मसुदा उद्या सकाळपर्यंत पाठव. प्राध्यापकांच्या पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे: जानेवारीत इथली घरे आतूनही गार असतात, लोकरीचे कपडे घेऊन ये. ती तुझ्या मसुद्यात आलेली नाही.