प्रीमियर पद्मिनीची हकीकत: मोटार कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या मुलीस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चाकणला प्रॉडक्ट प्लॅनिंगमध्ये घेतलं हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलं आहेस, की गाडीला इतकी मागणी आहे की डीलर पुरवठ्यासाठी मागे लागलेत, आणि अशा वेळी पुढच्या मॉडेलचा विषय काढला की वरिष्ठ म्हणतात, ‘चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?’ हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून तुझ्या मीटिंगमध्ये कुणी ऐकणार नाही, म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर या मोटार कंपनीची हकीकत नीट सांगतो. मी उभा जन्म प्रेसच्या डाया, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग घडवणारे साचे, बनवण्यात घालवला. पत्र्याच्या बाजूने ही गोष्ट मला जशी दिसते तशीच सांगेन.

सुरुवात वालचंद हिराचंदांपासून करायला हवी. माणूस सोलापूरचा. इंग्रजी जहाज कंपन्यांची मक्तेदारी असताना १९१९ मध्ये ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या उभारणीत उतरले. १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना, पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणी. मोटारीचा कारखाना त्याही आधीपासून मनात होता. विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात त्यासाठी खूप खटपट केली होती. महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने मोटार कारखान्याला युद्धाला लागणारा उद्योग मानायला नकार दिला. तरी वालचंदांनी नाद सोडला नाही. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या आणि फार्गोचे ट्रक बाहेर पडू लागले. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पुढे जी टीका करणार आहे ती हा आदर मनात ठेवूनच.

त्या गाड्या म्हणजे परदेशातून आलेले भाग इथे जोडणं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने सांगितलं, इथे बनवणार असाल तर राहा. फोर्ड आणि जनरल मोटर्स आवरून गेले. प्रीमियर राहिली, आणि इटलीच्या फियाटचा हात धरून तिने छोट्या गाडीचा मार्ग घेतला. ११०० ही गाडी आली ती १९५४ मध्ये. गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी. मुंबईने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि तरीही जीव लावला. १९६४ मध्ये ११०० डी आली, म्हणजे पुढे पस्तीसेक वर्षं आपण जी पाहिली ती. सत्तरच्या दशकात फियाटच्या परवान्याची मुदत संपल्यावर आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून ‘पद्मिनी’. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

तू ती गाडी चालवलेली नसणार. स्टिअरिंगच्या दांडीलाच गिअरचा दांडा, चार गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, खिडकीच्या कोपऱ्यात फिरवता येणारी त्रिकोणी काच, आणि १०८९ सीसीचं इंजिन. खोपोलीहून बोरघाट चढताना मे महिन्यात इंजिन तापलं की पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची आणि गाडी आचके देत थांबायची. मग बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, की परत चालू. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण प्रत्येक फियाटवाल्याला ठाऊक होतं. मेकॅनिकला एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि कान एवढ्यावर ती दुरुस्त करता येई. अशी गाडी घडवणं सोपं नसतं, हे मुद्दाम सांगतो, कारण आजकाल तिला खटारा म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ची फियाट घेतली, तीही ५,००० रुपये बँकेचं कर्ज काढून. किंमत १२,०००च्या आसपास. त्यांच्या निधनानंतर ललितादेवींनी ते कर्ज पेन्शनमधून फेडलं. एका मोटारीने एका पिढीच्या मनात केवढी जागा व्यापली होती, हे त्यावरून कळतं.

आता गोष्ट जिथे फिरते तिथे ये.

त्या काळात किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. यंत्र आणायचं तर परकीय चलनासाठी दिल्लीकडे डोळे. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमतीही बांधून दिल्या. प्रीमियर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. म्हणजे वाढायला बंदी, किंमत वाढवायलाही बंदी. पण दुसऱ्या बाजूने बघ. परदेशी गाडी येणार नाही याची हमी, आणि दारात वर्षानुवर्षांचं बुकिंग. गाडी हातात पडण्याआधीच तिला बाजारात जास्त किंमत. अशा स्थितीत कंपनीला गिऱ्हाइकाकडून काहीच शिकायला मिळत नाही. जो नाराज आहे तोही रांगेत उभा असतो, कारण जाणार कुठे? विक्रीचा आकडा चांगला दिसतो, आणि तो आकडा तुला गाडीबद्दल काहीही सांगत नसतो.

मुली, तुझ्या डीलरची ओरड ऐकताना पहिला प्रश्न हा विचार: हे लोक आपल्याकडे आलेत ते आपली गाडी आवडली म्हणून, की दुसरी मिळत नाही म्हणून? दोन्ही वेळी रांग सारखीच दिसते. फरक कळायचा असेल तर जे बुकिंग रद्द करतात त्यांच्याशी बोल. सर्व्हिस सेंटरच्या आवारात दोन दिवस बसून काढ.

इटलीत ११०० डी १९६६ मध्येच बंद होऊन पुढचं मॉडेल आलं होतं, आणि १९६९ला तो सगळा वंशच संपून पुढच्या चाकांवर चालणारी १२८ आली. कुर्ल्यात मात्र १९६४ची डी तशीच चालू. इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पत्र्याची डाय हजारो ठोके खाल्ल्यावर झिजते. कडा गोल होतात, पत्र्याला बर, म्हणजे खरखरीत कंगोरा, येते, सपाट भागात लाट दिसायला लागते. डाय वेळेवर सुधारली नाही तर असेंब्लीवरचा फिटर हातोडीने दार बसवतो. एक दिवस, मग रोज, आणि मग तीच पद्धत होते. नव्वदीतल्या पद्मिनीचं दार आणि खांब यांमधली फट मी बोटाने चाचपून पाहिली आहे. वर रुंद, खाली अरुंद. ज्याने ती गाडी घेतली त्याला डाय म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण दार दोनदा आपटावं लागतं एवढं त्याला कळत होतं.

१४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली. ७९६ सीसीचं छोटं इंजिन, हलकी, आतून नीटनेटकी, सकाळी एका चावीत चालू. ज्यांनी आयुष्यभर चोक ओढून ओढून गाडी सुरू केली त्यांना हा धक्काच होता. प्रीमियरने १९८५ मध्ये उत्तर म्हणून ११८ एनई काढली. अंग फियाट १२४चं, म्हणजे १९६६च्या आराखड्याचं, स्पेनच्या सेआटकडून आलेलं. इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी. गाडी वाईट नव्हती. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी ती फार प्रेमाने वापरली. पण तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, आणि तीही दुसऱ्याच्या कुदळीने.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रीमियरच्या मोटारींची यादी काढ. क्रायस्लरचा आराखडा, मग फियाटचा, मग सेआटचं अंग आणि निस्सानचं इंजिन. नव्वदच्या दशकात प्यूजोशी भागीदारी आणि कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९. त्याच सुमाराला पुन्हा फियाट, कुर्ल्यातून उनो. २००९ला चिंचवडहून निघालेली रिओ तर झोट्ये या चिनी कंपनीच्या गाडीवरून. पासष्ट वर्षं! त्यात कुर्ल्याच्या कामगारांनी आणि आसपासच्या लहान कारखानदारांनी गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग इथे बनवून दाखवला. हात तयार होते. मात्र नवी गाडी कोऱ्या कागदावर काढणारं डोकं कंपनीने घरात वाढवलं नाही. परवाना घेणं चूक नव्हे, सुझुकीचं तंत्र घेऊनच मारुतीही उभी राहिली. पण घेतलेल्या ड्रॉइंगवर वर्षानुवर्षं काम करताना पुढचं ड्रॉइंग आपलं असावं ही भूक लागली पाहिजे. ती लागायला पैसा लागतो, चुकण्याची मुभा लागते, आणि ती मुभा गाडी धडाक्यात खपत असतानाच मिळू शकते. नफा आटल्यावर कुठलाही मालक नव्या माणसांना चुका करू देत नाही. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

तुला कुणीतरी नक्की सांगेल की प्रीमियर युनियनने बुडवली. हे ऐकून घे, पण तिथेच थांबू नकोस. नव्वदच्या दशकात कुर्ला आणि कल्याण दोन्हीकडे संपाने काम ठप्प झालं, उनोसाठी पैसे भरून बसलेले लोक ताटकळले, आणि प्यूजोने १९९७ मध्ये गाशा गुंडाळला, हे खरं आहे. पण कामगारांशी तंटा काही नवा नव्हता. मोटर प्रॉडक्शन विभागातल्या इन्सेंटिव्हवरून झालेल्या वादावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५चा निकाल कामगार कायद्याचे विद्यार्थी अजून शिकतात. वीस वर्षांत जो प्रश्न बोलून सुटला नाही, तो दोन परदेशी भागीदार एकाच वेळी दारात उभे असताना सुटेल अशी अपेक्षा करणं मला पटत नाही. ज्या कामगाराला आपल्या कारखान्याचं पुढचं दशक दिसत नाही, तो आजच्या रुपयासाठीच भांडणार. व्यवस्थापनातली माणसं कठोर काळजाची होती असंही समजू नकोस. अध्यक्ष विनोद दोशी रंगभूमीचे मोठे आश्रयदाते होते, पुण्यात त्यांच्या नावाने नाट्यमहोत्सव भरत आला आहे. चांगल्या, रसिक, शिकलेल्या माणसांच्या हातूनही असं होतं, म्हणून तर तुला लिहितो आहे.

टॅक्सीचं बोलायलाच हवं. घरगुती गिऱ्हाईक मारुतीकडे वळल्यावर पद्मिनी तगली ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांवर. मजबूत, दुरुस्तीला स्वस्त, मागे तिघं आणि पुढे एक, डोक्यावर कॅरिअरमध्ये वळकट्या आणि ट्रंका. टॅक्सीवाल्यांनी तिच्याशी जी निष्ठा ठेवली तिला तोड नाही. पण एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर कंपनी विसावली की त्याला जे नको ते करायचं ती सोडून देते. टॅक्सीवाल्याला नवं रूप नको होतं, जुन्याचे स्वस्त स्पेअर हवे होते. कंपनीने तेच दिलं. उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांची पानं भरून आली, लोकांनी फोटो काढले. एवढी माया असूनही २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली होती. कुर्ल्याच्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे.

तुझ्या हाताशी आत्ता काय आहे ते सांगतो. नवी आहेस, त्यामुळे बोर्डाला शहाणपण शिकवायला जाऊ नकोस. तुमच्या गाडीच्या मुख्य भागांची यादी कर: इंजिन किंवा मोटर, बॅटरी, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, बॉडीच्या डाया, सॉफ्टवेअर. प्रत्येकापुढे लिही की ड्रॉइंग कुणाच्या मालकीचं, त्यात बदल करायचा तर कुणाची परवानगी, आणि बदल समजणारा माणूस आपल्या पगारावर आहे की बाहेरचा. बॅटरीच्या ओळीवर जास्त वेळ घाल, कारण पूर्वी परदेशी परवान्यावर जसं अवलंबून राहावं लागे, तसं आज तिथे आहे. टूलरूममध्ये जाऊन तिथल्या सर्वांत जुन्या माणसाला विचार, कुठली डाय किती वेळा वेल्डिंग करून चालवली आहे. तो आधी उडवून लावेल. दुसऱ्यांदा जा, चहाच्या वेळी जा, आणि वही बाहेर काढू नकोस. मग तुझ्या साहेबांपुढे मत न मांडता नुसती ती यादी ठेव.

गणपतीला पुण्यात येशील तेव्हा यादीची एक प्रत घेऊन ये. बॉडीच्या डायांचा भाग आपण दोघं बसून पाहू, त्यातलं मला थोडंफार कळतं. सॉफ्टवेअरचं मात्र तू मला समजावून सांगायचं.

तुझा,
काका