विचारा तर खरं: इंदूरचे बेंद्रे की बडोद्याचे?

मागच्या अंकात कुणाला तरी उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की ना. श्री. बेंद्रे हे आधी डोळ्यासमोर दिसतं तसं हुबेहूब काढणारे चित्रकार आणि नंतर आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्सचे सर. बस, एवढं एकच वाक्य. त्यावर या महिन्यात पोस्टानं आणि व्हॉट्सअपवर इतकं आलं की बाकीचं सगळं बाजूला ठेवावं लागलं. भिंतीला ओल आलीय तर चित्र कुठे टांगू असं विचारणाऱ्या काकू, तुमचं पुढच्या महिन्यात नक्की, तोवर चित्र भिंतीवरून उतरवून ठेवा म्हणजे झालं.

सर, बेंद्रे आपले बडोद्याचेच ना? माझे मेहुणे इंदूरचे, ते म्हणतात आमचे. जेवताना वाद झाला आणि शेवटी ताईनं ताटं उचलली. (वाचक, दांडिया बजार)

मेहुण्यांना जिंकू द्या, ताईसाठी तरी. नारायण श्रीधर बेंद्रे जन्माने इंदूरचे, 21 ऑगस्ट 1910. शिकले पण तिथेच, द. दा. देवळालीकर मास्तरांकडे. या मास्तरांनी 1927 च्या सुमारास इंदुरात चित्रकलेची शाळा उभी केली आणि बेंद्रे तिथले अगदी सुरुवातीचे विद्यार्थी. पुढे याच मास्तरांच्या हाताखाली मकबूल फिदा हुसेन पण बसले. म्हणजे बघा, एका संस्थानी गावातले एक मास्तर आणि त्यांची पोरं कुठे कुठे पोचली. पोरांना वर्गात कोंडून न ठेवता कागद-रंग घेऊन घाटावर, गल्लीत, बाजारात बसवायचं ही इंदूरची खासियत, आणि बेंद्र्यांच्या सुरुवातीच्या चित्रांमधलं ऊन बघितलं की हा माणूस उन्हात बसून शिकलाय हे लगेच कळतं.

बी.ए. केलं ते आग्रा विद्यापीठाचं, कारण इंदूरची कॉलेजं तेव्हा आग्र्याला जोडलेली होती. चित्रकलेचा डिप्लोमा मुंबईचा. मग 1936 ते 39 काश्मीर, तिथल्या सरकारच्या पर्यटन खात्यात चित्रकार-पत्रकार अशी मजेशीर नोकरी. बडोद्यात आले 1950 ला, गेले 1966 ला. आपल्या वाट्याला सोळा वर्षं. त्यानंतर मुंबई, शेवटपर्यंत. आता मुंबईचा कुणी नातेवाईक जेवायला बोलावू नका, नाहीतर अजून एक वाटेकरी वाढेल.

माझे वडील म्हणायचे, चित्रकार मास्तर झाला की समजायचं त्याचा ब्रश वाळला. बेंद्र्यांचं बऱ्यापैकी चालत असताना ते नोकरीत का शिरले? पैशासाठी? (वाचक, रावपुरा)

तुमच्या वडिलांनी हे कुठल्या मास्तरला बघून म्हटलं असेल मला माहितीय, आम्ही सगळे थोडेफार तसेच. पण बेंद्र्यांना हे लागू होत नाही. 1941 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालेलं, 1945 मध्ये शांतिनिकेतनला राहून आलेले, तिथे नंदलाल बोस, रामकिंकर, बिनोदबिहारी ही तिथली मोठी कलावंत मंडळी जवळून बघितलेली, मग 1947-48 मध्ये अमेरिका, न्यूयॉर्कला ग्राफिकचं, म्हणजे ठशावरून छापून काढायच्या चित्रांचं शिक्षण घेतलं आणि तिथे स्वतःचं प्रदर्शनही केलं. चाळिशीचा माणूस, नाव झालेलं, हातात कसब एवढं की तलाव म्हटला की तलाव आणि धुकं म्हटलं की धुकं. अशा माणसाला काय कमी.

पण बडोद्यात तेव्हा जे चाललं होतं ते देशात फार कुठे नव्हतं हो. 1949 मध्ये युनिव्हर्सिटी झाली, हंसाबेन मेहता कुलगुरू, आणि चित्रकलेला त्यांनी कोपऱ्यातल्या वर्गात न बसवता सरळ फॅकल्टी दिली. इतर ठिकाणी आर्ट स्कूलचा डिप्लोमा मिळायचा, इथे बी.ए., बी.एस्सी. सारखी डिग्री, आणि सोबत कलेचा इतिहास हा विषय पण. पुष्पबागेतल्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये डीन मार्कंड भट्ट, शिल्पकलेला शंखो चौधुरी, पेंटिंगला बेंद्रे, वर्षभराने के. जी. सुब्रमण्यन. आणि मुख्य म्हणजे सर लोक स्वतः तिथेच काम करायचे. पोरगं सरांच्या दारातून जाता जाता बघतंय की सरांचं पण चित्र बिघडतं, सर पण खरवडून परत लावतात. ही गोष्ट पुस्तकातून शिकवता येत नाही.

आता खरा मुद्दा. बेंद्र्यांच्या हातात एक तयार माल होता, इंदूरची ती झळझळीत निसर्गचित्रं. मनात आणलं असतं तर दरवर्षी वीस छोटे बेंद्रे काढले असते फॅकल्टीतून, लोकांनी विकतही घेतले असते. त्यांनी ते केलं नाही. त्यांचे विद्यार्थी बघा. ज्योती भट्ट छापचित्रांकडे गेले आणि कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यातल्या भिंती, रांगोळ्या टिपत फिरले. शांती दवे मेण आणि रंग जाड जाड चढवत बसले. हिम्मत शहांनी मातीची डोकी केली, भाजून. गुलाममोहम्मद शेखांच्या चित्रात तर अख्खी शहरं आणि गोष्टी असतात, एका चित्रात चार चार. चौघांची कामं शेजारी मांडली तर हे एकाच सरांकडे शिकले हे कुणाला सांगून पटणार नाही. आणि माझ्या मते सरांची खरी मार्कशीट तीच.

इथे माझी स्वतःची लाज सांगतो. मी एका शाळेत (नाव नको) एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, उजवीकडे झोपडी, डावीकडे नारळाचं झाड. पन्नास पोरं, पन्नास नारळाची झाडं, सगळी डावीकडे. मी खूश, इन्स्पेक्शनवाले खूश. एकदा सहावीतल्या एका मुलीनं नारळाच्या जागी विजेचा खांब काढला आणि त्याला अडकलेला पतंग. मी म्हटलं, असं नाही बेटा, फळ्यावर बघ. तिनं खोडलं पण नीट खोडलं गेलं नाही, झाडाच्या आतून पतंगाची शेपटी दिसत राहिली आणि मी तिला दहापैकी सहा दिले. बडोद्यातच राहते ती आता, भेटते कधी कधी मंगळबजारात, ती विसरली असेल, मी नाही विसरलो.

पैशाचं म्हणाल तर पगार कुणाला नको असतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे.

बेंद्र्यांचं 'काटा' नावाचं चित्र मोबाईलवर बघितलं. इतकं हुबेहूब काढता येणाऱ्या माणसानं माणसांचे असे कोन कोन का केले? आणि नंतर ठिपके? हे वय वाढल्यावर होतं का? (वाचक, वाघोडिया रोड)

हाहा, वय वाढल्यावर माझे गुडघे झाले, ठिपके नाही.

ते चित्र 1955 चं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. विषय बघा किती घरगुती आहे, पायात रुतलेला काटा, अंगणात बसून काढतात तसा. पण मांडणी क्युबिझमच्या वळणाची, म्हणजे वस्तू जशी दिसते तशी न काढता तिचे तुकडे, पृष्ठभाग करून परत बसवायची. आता तारीख बघा. 1955 म्हणजे बडोद्यात येऊन पाच वर्षं झालेली. वर्गात तरुण पोरं रोज विचारणार, सर असं का, सर पॅरिसला तर वेगळंच चाललंय, आणि ज्याला उत्तर द्यायचंय त्याला आधी स्वतः करून बघावं लागतं. मला वाटतं बेंद्र्यांच्या चित्रात जो बदल झाला त्यात अर्धा हात या पोरांचा आहे. 1956 मध्ये तर गुरू आणि चेले मिळून बरोडा ग्रुप काढला आणि सोबत प्रदर्शनं केली. सर आणि विद्यार्थी एकाच भिंतीवर. आमच्या स्टाफरूममध्ये नुसता विचार जरी कुणी मांडला असता तरी चहा गार झाला असता.

1959 ला ते डीन झाले, 1966 ला राजीनामा दिला. ठिपक्यांचं प्रकरण त्यानंतरचं, मुंबईतलं. त्यात युक्ती अशी असते की रंग पॅलेटवर कालवायचा नाही, वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात ते मिसळतात. जवळून बघाल तर नुसती मोहरी सांडल्यासारखं दिसतं, दहा पावलं मागे जा, मग बाई दिसते, झाड दिसतं. मोबाईलवर बघून उपयोग नाही, तिथे मागे कुठे जाणार.

आवडीचं विचाराल तर मला स्वतःला सुरुवातीचे जलरंगच आवडतात. कोनवाली चित्रं बघून मान डोलावतो पण पोटात काही हलत नाही. ठिपकेवाली कधी कधी फारच गोड वाटतात. बेंद्र्यांना 1969 ला पद्मश्री आणि 1992 ला पद्मभूषण मिळालं (त्याच वर्षी 19 फेब्रुवारीला ते गेले), तेव्हा माझ्या आवडीनिवडीनं त्यांचं काही बिघडत नाही.

मुलगा बारावीत आहे, ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा एलिमेंटरी, इंटरमिजिएट ए ग्रेडमध्ये पास. फाइन आर्ट्सला जाईन म्हणतो. ह्यांचं म्हणणं, आर्टिस्ट होऊन खाणार काय, शेवटी टीचरच होणार. काय करू? (एक आई, मांजलपूर)

ताई, शेवटी टीचरच झाला तर काय आभाळ कोसळणार आहे का, हे आधी ह्यांना विचारा माझ्या वतीनं.

ए ग्रेडवर मात्र फार जाऊ नका. त्या परीक्षांमध्ये हात स्वच्छ आहे का एवढं कळतं. आपल्याकडे फाइन आर्ट्सचा डिग्री कोर्स चार वर्षांचा आहे, पेंटिंग, शिल्प, अप्लाइड आर्ट, ग्राफिक, कलेचा इतिहास असे रस्ते आहेत, आणि आत जायला ॲप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. अप्लाइडवाली पोरं ॲड एजन्सीत, डिझाइनमध्ये लागतात, ह्यांना ते सांगा म्हणजे रक्तदाब उतरेल.

मुलाला एक काम द्या. एक महिना रोज संध्याकाळी स्टेशनवर एक तास. प्लॅटफॉर्म तिकीट, स्वस्तातली वही आणि पेन. पेन्सिल नाही, पेनच, म्हणजे खोडता येणार नाही. बाकावर झोपलेले, डबा उघडून बसलेले, डोक्यावर दोन बॅगा घेतलेला हमाल, सगळं हलतंय, कुणी पोज देत नाही. रोज वीस स्केचेस. महिन्यानं वही भरलेली असेल आणि अजून जावंसं वाटत असेल तर फॉर्म भरा. पाचव्या दिवशीच क्लास आहे, पाऊस आहे, पोट दुखतंय सुरू झालं तर ह्यांचं ऐका, निदान या वर्षी.

सासऱ्यांच्या ट्रंकेत एक जलरंगातलं चित्र सापडलं, नदी आणि घाट, खाली 'बेंद्रे' अशी सही. फोटो पाठवतेय, ओरिजिनल आहे का, किंमत किती येईल? (वाचक, प्रतापनगर)

फोटोवरून मी काय, कुणीच सांगू नये आणि जो सांगेल त्याच्यापासून पर्स सांभाळा. त्यांची देवनागरीतली सही बऱ्याच चित्रांवर दिसते हे खरं, पण सही कॉपी करणं हे नदी कॉपी करण्यापेक्षा सोपं असतं. चित्र सासऱ्यांकडे कुठून आलं ते आधी शोधा. पावती, पत्र, प्रदर्शनाचं कार्ड, मागच्या बाजूला चिकटवलेलं लेबल, यातलं काहीही. ट्रंक परत एकदा तळापर्यंत उपसा, पेपर घातलेला असेल तर त्याची तारीख पण बघा.

तोवर एवढं करा: त्याला सेलोटेप लावू नका, ओल्या फडक्यानं तर अजिबात पुसू नका, जलरंग आहे तो, फडक्यावर येईल. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड असेल तर तो काढून ॲसिड-फ्री माउंटबोर्ड घालून घ्या, नाहीतर कागद पिवळा पडत पडत तपकिरी होतो. आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका.

वय 61. बँकेतून रिटायर्ड. बेंद्र्यांवरचं तुमचं ते एक वाक्य वाचून वाटलं, आपण पण जसंच्या तसं काढायला शिकावं. उशीर झाला का? (वाचक, कारेलीबाग)

रंगांचा मोठा सेट आणू नका, बारा ट्यूब्स पुष्कळ. एक आठ नंबरचा गोल ब्रश, जाड कागदाचं छोटं पॅड (पातळ कागद पाणी लागलं की पापडासारखा फुगतो) आणि पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. चित्रात पांढरं कुठे राहणार ते आधी ठरवा कारण जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, एकदा झाकला की गेला. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे पानं-बिनं नाहीशी होतात आणि नुसता उजेड आणि अंधार उरतो. आधी फिकट, मग गडद. वाळेपर्यंत हात मागे बांधून बसा, बँकेत इतकी वर्षं काढली म्हणजे धीर असेलच.

रविवारी सकाळी सातला मी कमाटी बागेत म्युझियमच्या बाजूच्या झाडाखाली असतो, आम्ही चार म्हातारे आहोत. बसायला चटई घरून आणा, बाक ओले असतात. नंतर सेव-उसळ, तिखट झेपत नसेल तर तरी वेगळी मागायची, ते आधीच सांगतो.